आधी वगळलेलं वाच

उल्हासनगर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत सगळी माणसं "कॅम्प तीन?" एवढंच विचारतात आणि बसतात. दर्शना भोईर रिक्षात डोकं घालून विचारायची, "भाऊ, कुठं नाय जाणार?" हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारा रिक्षावाला तिच्याकडे बघतच राहायचा. मग जरा विचार करून सांगायचा, "मार्केट के अंदर नहीं जाएगा मॅडम, खुदा है उधर." "हां, हेच पाहिजे होतं," असं म्हणून ती पुढची रिक्षा पकडायची. मी मात्र त्या पहिल्या रिक्षात आधीच ऐटीत बसलेलो असायचो. थोड्या वेळानं खोदलेल्या रस्त्याच्या तोंडाशी उतरून, हातगाड्यांवरचे जीन्सचे गठ्ठे चुकवत मी ऑफिसात पोचायचो, तेव्हा तिचा चहा अर्धा झालेला असायचा.

हॉटेलातही तेच. वेटर येऊन उभा राहिला की आम्ही सगळे मेनूकार्डात तोंड खुपसायचो. ती कार्ड उघडायचीसुद्धा नाही. "आज काय काय नाय?" असं विचारायची. वेटर यादी म्हणायचा, सुरमई नाही, तंदूर बंद आहे, सोलकढी संपली. मग ती कार्ड उघडून निवांत निवडायची. सुरमई मागून ती नसल्याचं ऐकणं आणि मग पडलेल्या चेहऱ्यानं पनीर खाणं हे माझ्या वाट्याला यायचं.

हे मी कौतुकानं सांगतोय असा कोणाचा समज होण्याआधी सांगून टाकतो, मी त्या बाईवर जळायचो. साधं नाही, पोटातून जळायचो. आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. ती होतीच जळावं अशी.

आमचं ऑफिस कॅम्प तीनमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या वर. सुंदरभाई हे आमचे मालक. सिंधी माणूस, बोलायला गोड, मराठी-हिंदी एकाच घासात खाणारा. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कटिंग किती झालं, शिलाईला कुठला लॉट गेला, वॉशिंगला बाहेर गेलेला माल परत आला की नाही, याचा हिशेब ठेवणारं. आमचे मुख्य होते किरण सर. ते कॅनडाला जायची तयारी करत होते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते गेले की त्यांच्या खुर्चीवर मी बसणार हे मला माहीत होतं. मी ऑफिसातला सगळ्यात जुना. अंबरनाथला कारखान्यात अधिकारी असलेल्या माणसाचा मुलगा, इंजिनिअर, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा. त्या खिडकीजवळच्या खुर्चीसाठी मी काय काय सोडलं होतं ते माझं मला ठाऊक. पुण्याची नोकरी सोडली होती. बायकोला "एकदा किरण सर जाऊ देत" हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं की ती ते माझ्याआधी म्हणायची.

आणि मग दर्शना आली.

बदलापूरच्या जुन्या गावातलं तिचं घर. भाताची शेती होती, ती बिल्डरांना गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर मी राहतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. "कुठली विंग?" तिनं विचारलं. मी सांगितली. "अरे! तुझा हॉल हाय ना, तिथं आमचं खळं होतं. माझी आजी तिथं भात झोडायची." हे ती आनंदानं म्हणाली, पण तेव्हापासून मला माझ्या हॉलमध्ये पाय पसरून बसताना पाहुण्यासारखं वाटायला लागलं. त्या बाईला नोकरीची गरज नव्हती. गरज नसताना ती रोज यायची, आणि गरज असलेल्यांपेक्षा चांगलं काम करायची. हे कोणाला सहन होईल?

ती खुर्चीवर मांडी घालून बसायची. हातात सोन्याच्या बांगड्या असायच्या. त्या कीबोर्डवर वाजायला लागल्या की ती त्या काढून चहाच्या बशीत ठेवायची. बशीत बांगड्या पडल्याचा आवाज आला की ऑफिसला कळायचं, बाई आता खरी कामाला लागली. दुपारी तिच्या डब्यात सुकटीची चटणी असायची आणि सुंदरभाई, एवढा मोठा माणूस, आपल्या केबिनमधून हातात चपाती घेऊन तिच्या टेबलाशी यायचे. माझ्या डब्यातल्या कोबीच्या भाजीकडे आजवर कोणी वळून पाहिलेलं नाही.

आता तिची ती सवय सांगायला हवी, आणि त्यासाठी आमच्या धंद्यातलं थोडं सांगणं भाग आहे. आम्ही लिहिलेला कोड एका सामाईक कोठीत ठेवतो. तिला रिपॉझिटरी म्हणतात, आम्ही नुसतं रेपो म्हणतो. प्रत्येकाच्या मशीनवर तिची एकेक नक्कल असते. कोठीत काय बदललं, कोणी बदललं, सगळ्याची नोंद राहते. पण प्रत्येक फाइल तिथे न्यायची नसते. तात्पुरत्या फाइली असतात, पासवर्डच्या असतात, मशीननं आपोआप बनवलेला कचरा असतो. त्यासाठी दारातच एक छोटी फाइल असते, इग्नोर फाइल. अमुक नावाचं काही दिसलं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नको, असे नियम तिच्यात लिहायचे. एकदा नियम लिहिला की त्या फाइली रेपोच्या लेखी नसल्यातच जमा होतात. 'स्टेटस काय?' असं विचारलं तरी त्यांचं नाव निघत नाही. सगळं जागच्या जागी आहे, असंच उत्तर येतं. त्या दिसायला हव्या असतील तर मुद्दाम विचारावं लागतं. स्टेटसच्या पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'इग्नोर्ड' असं लिहायचं, की मग खाली लाल अक्षरात सगळ्या वगळलेल्या फाइलींची नावं येतात.

सगळ्या जगाला ही आज्ञा माहीत असते आणि वर्षातून एखाद्या वेळी कोणी ती वापरतो. दर्शना रोज सकाळी, कामाला हात लावायच्या आधी, देवाला नमस्कार करावा तशी ती चालवायची. "जे हाय ते कुठं पळत नाय," ती म्हणायची. "आधी वगळलेलं वाच."

तिच्या पहिल्याच दिवशी तिला एका नोकरी सोडून गेलेल्या पोराचं मशीन मिळालं. ते पुसून कोरं करायचं होतं. मी आदल्या दिवशी स्वतः तपासलं होतं. स्टेटस स्वच्छ, सगळं कोठीत गेलेलं. "घे, पूस," मी म्हटलं. तिनं बांगड्या बशीत ठेवल्या, ती आज्ञा चालवली आणि लाल नावं वाचत गेली. वाचता वाचता थांबली. "हे काय हाय? टॅग प्रिंटर?" ती त्या पोरानं तयार केलेली फाइल होती. जीन्सवर लावायच्या टॅगचे प्रिंटर जोडायची सगळी मांडणी त्यात होती आणि ती फक्त त्याच मशीनवर होती. किरण सर उठून आले. सुंदरभाई केबिनमधून आले. "साईं, ये तो सोना है," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण स्टेटस स्वच्छच होतं." आणि तसं ते होतंच. माझं एक अक्षर चुकीचं नव्हतं. तरी सगळे तिच्या मागे उभे राहिले, आणि मी माझ्या टेबलाशी.

त्या दिवसापासून मी तिचं काम तपासायला लागलो. आमच्याकडे कोणीही काही लिहिलं की ते कोठीत जाण्याआधी दुसऱ्यानं वाचायचं असतं. हे वाचणं सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, लोक वरवर बघून 'ठीक आहे' दाबतात. दर्शनाचं वाचायचं काम मी आपण होऊन घेतलं. परीक्षक कॉपी करणाऱ्या पोराचा पेपर बघतो तसा मी तिची ओळ न् ओळ बघायचो. कुठं नाव अघळपघळ आहे, कुठं तेच काम दोनदा केलंय, कुठं शून्य आलं तर सगळं कोसळेल. आठवडेच्या आठवडे काही सापडायचं नाही आणि मला जेवण गोड लागायचं नाही. सापडलं की मी ते खरमरीत भाषेत लिहायचो. आता हिचं तोंड उतरेल म्हणून टेबलावरून बघत बसायचो. ती वाचायची, मान हलवायची, "बरोबर हाय. अजून?" असं ऑफिसभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायची आणि दुरुस्त करायला लागायची. त्या 'अजून'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसानं चुकल्यावर थोडं तरी ओशाळावं की नाही!

घरी बायकोजवळ मन मोकळं करावं तर तिथेही तीच. बायकोची आणि तिची इमारतीखालच्या भाजीवालीकडे ओळख झाली होती. "दर्शनाताईंना विचारा ना," बायको सहज म्हणायची. एका रविवारी दर्शनानं आम्हा दोघांना चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खायला घरी बोलावलं. मी डोकं दुखतंय म्हणालो. बायको म्हणाली, "तुमचं डोकं इथं ठेवा आणि चला."

दर्शनाच्या भावाचं लग्न ठरलं होतं. ओट्यावर पत्रिकांचा गठ्ठा होता आणि तिचे वडील दोघा काकांना घेऊन कोणाकडे पत्रिका द्यायच्या ते ठरवत होते. आगऱ्यांचं लग्न, म्हणजे गावच्या गाव जेवणार. पण जमीन विकली तेव्हा वरच्या आळीतल्या भाऊबंदांशी वाटणीवरून भांडण झालेलं. त्यामुळे वडिलांनी आधीच फर्मान काढलेलं होतं, "वरचे आलीत एक पन पत्रिका जानार नाय. बास." काकांनी माना डोलावल्या. विषय संपला.

दर्शना आतून चिंबोऱ्यांची परात घेऊन आली आणि दारातच थांबली. "बाबा, वरचे आलीत कोन कोन ऱ्हातं? नावं घ्या."

"नावं कनाला घ्यायची? नाय म्हंजे नाय."

"नाय द्यायची तर नका देऊ. पन नावं तर घ्या. कोनाला वगळलं ते माहीत पायजे ना."

वडील चिडले, पण पाहुण्यांसमोर जास्त बोलता येईना. त्यांनी बोटं मोडत नावं घ्यायला सुरुवात केली. भांडणातला चुलत भाऊ, त्याची पोरं, त्याचा जावई. प्रत्येक नावाला एक शिवी जोडलेली होती. मग ते एकदम थांबले. काकांनी खाली बघितलं.

"बोला," दर्शना म्हणाली.

"गंगीआत्या," वडील हळूच म्हणाले.

गंगीआत्या म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण. वरच्या आळीत दिलेली. भांडणाशी तिचा काही संबंध नव्हता. आणि त्यावर कडी म्हणजे गावातली धवलारीण तीच. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवात जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालेल, पण तिच्याशिवाय हळद उभी राहत नाही. चुलत भावावरच्या रागात वडिलांनी आळीची आळी कापली होती आणि त्यात सख्खी बहीण आणि लग्नातली गाणी दोन्ही गेली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नियम लई रुंद झाला, बाबा," एवढंच दर्शना म्हणाली आणि माझ्या बायकोच्या ताटात चिंबोरीचा नांगा वाढायला लागली. वडील उठले, टोपी घातली, एक पत्रिका उचलून हळदकुंकू लावलं आणि ऊन डोक्यावर असताना तसेच वरच्या आळीकडे चालू लागले.

हळदीला आम्ही गेलो तेव्हा मांडवात मधोमध एक वाळकीशी म्हातारी बसून खणखणीत आवाजात गात होती आणि वडील तिच्या पायाशी बसून डोळे पुसत होते. सगळा मांडव दर्शनाला हाका मारत होता. दर्शने इकडे ये, दर्शने तिकडे बघ. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे बघितलं आणि मला वाईट वाटलं. आमच्याकडे माझ्या मुंजीच्या वेळी जी माणसं वगळली गेली ती आजतागायत वगळलेलीच आहेत. काय भांडण होतं तेही आता कोणाला आठवत नाही. आमच्या घरात नावं घ्या म्हणणारं कोणी जन्माला आलं नाही. तिच्याकडे जमीन होती, अक्कल होती, एवढं कमी होतं म्हणून देवानं हेही तिलाच द्यावं?

मग माझी पाळी आली. वॉशिंगचा सगळा भाग मी एकट्यानं लिहायला घेतला होता. कुठल्या लॉटला कुठला वॉश, किती माल डाग पडून परत आला, कोणाच्या चुकीनं आला, हे सगळं एका पानावर दिसणार होतं. असं काही आमच्याकडे आधी नव्हतं. कॅम्प पाचमधला एक मोठा जीन्सवाला ते बघायला तयार झाला होता. किरण सरांच्या जाण्याची तारीख ठरली होती, आणि सुंदरभाईंनी मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "ये निकाल लिया ना प्रसाद, तो समझ खुर्ची तुझी." मी जीव ओतला. त्या फोल्डरला नाव दिलं 'वॉश'. दुसरं काय देणार? डाव्या बाजूच्या यादीत ते फोल्डर इतरांपेक्षा फिकट दिसायचं. मला वाटलं, माझ्या जुन्या स्क्रीनचाच तो दोष असेल.

त्या दिवशी सकाळी सुंदरभाईंच्या नव्या लॅपटॉपवर कोठीतून ताजी नक्कल उतरवून घेतली आणि आम्ही दोघे कॅम्प पाचला गेलो. जीन्सवाल्यानं थंडा मागवला. त्याचे दोन मुलगे येऊन बसले. मी मेनू उघडला, 'वॉशिंग' दाबलं. कोरं पान. पुन्हा दाबलं. कोरं पान. सुंदरभाई हसून म्हणाले, "नेट धीमा है." नेटचा काही संबंध नव्हता, ते त्यांनाही माहीत होतं. मी बाहेर गॅलरीत जाऊन ऑफिसला फोन लावला. उचलला कोणी? तिनं.

"माझ्या मशीनवर बघ," मी म्हटलं. "वॉशचं सगळं तिथं चालतंय. इथं काहीच नाहीये."

ती माझ्या खुर्चीत जाऊन बसल्याचा आवाज आला. "वगळलेलं बघू?"

"काही वगळलेलं नाहीये!" मी गॅलरीत ओरडलो. "मी रोज सेव्ह केलंय, रोज वर पाठवलंय!"

फोनमधून फक्त बशीत बांगड्या पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सापडलं. तुझं अख्खं फोल्डर लाल हाय. एक पन फाइल वर गेलेली नाय." कोणत्या नियमानं फाइल अडवली ते शोधायची वेगळी आज्ञा असते. तिनं तीही चालवून नियम वाचून दाखवला. फार पूर्वी किरण सरांनी स्वतःच्या कुठल्याशा कचऱ्यासाठी ओळ लिहून ठेवली होती, 'वॉश' नावाचं काहीही, कुठेही दिसलं, तर लक्ष देऊ नको. माझं काम वर गेलंच नव्हतं; यादीत ते फोल्डर फिकट दिसायचं ते म्हणूनच. वर गेली होती ती नुसती मेनूची ओळ, आणि तिच्यावर कोणीतरी न वाचताच 'ठीक आहे' दाबलं होतं. तो भाग माझ्या एकट्याचा, म्हणून तो दुसऱ्या कोणाच्याच मशीनवर नाही हे कोणाला कळलं नव्हतं. "थांब, पाठवते," ती म्हणाली. "तू आत जा आणि त्यांना त्यांच्या पोरांबद्दल काहीतरी विचार. सिंधी माणूस पोरांबद्दल बोलायला लागला की वेळ जातो."

वेळ गेला. फोल्डर आलं. पान उघडलं. जीन्सवाला खूश झाला, त्याचा मोठा मुलगा तर पानावरून हलेना. परत येताना गाडीत सुंदरभाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "दर्शना नसती ना आज, तर नाक कटली असती आपली." ते पान मी लिहिलं होतं. प्रत्येक ओळ माझी होती. पण ऑफिसात पेढे वाटले गेले ते सापडल्याचे, लिहिल्याचे नाही. तिनं पेढा घेताना माझ्याकडे बघून म्हटलं, "पान भारी केलंस रे." ते ऐकून मला आणखीच राग आला. उदारपणाही हिच्याकडेच.

किरण सर गेले. त्यांची खुर्ची आठवडाभर रिकामी राहिली. मग एका दुपारी सुंदरभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"साफ बोलतो, बुरा मत मान," ते म्हणाले. "मैंने पहले दर्शना को पूछा."

मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"वो बोली, नहीं. वांगणी में खुद का चालू कर रही है, फार्महाऊसवाल्यांचं, सोसायट्यांचं काम. मैंने बोला, चरिया, पागल झालीस का, सब छोड के जातेस? हसायला लागली. फिर मैंने पूछा, अब किसको बिठाऊं? प्रसाद तो तेरे से जलता है." सुंदरभाईंनी चहाचा घोट घेतला. "पता है क्या बोली? बोली, जळतो म्हणून तर त्यालाच द्या. माझं काम या ऑफिसात वाचतो फक्त तोच. बाकी सगळे ठीक आहे बोलतात."

मी बाहेर आलो तो थेट तिच्या टेबलाशी. ती मांडी घालून बसली होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय, तू जळतोस ते? अरे, कॅम्प तीनला माहीत हाय. खालच्या चहावाल्याला पन माहीत हाय."

"मग कधी बोलली नाहीस?"

"कनाला बोलू? बोललं असतं तर तू बंद केलं असतंस." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "कौतुक करणारे लई भेटले रे मला. बाबांपासून सुंदरभाईंपर्यंत. कोनी वाचत नाय. तू रोज एक चूक तरी काढायची म्हणून वाचायचास. मी लिहिताना पन मनात म्हणायची, हे प्रसादच्या डोळ्याखालून जायचंय. नीट लिही, भवाने."

असं कोणी तोंडावर सांगितलं तर माणसानं काय करावं? मी "बरं" म्हणालो आणि जाऊन खुर्चीवर बसलो. खिडकीजवळची ती खुर्ची. हवा चांगली येत होती. तिनं नको म्हटलेली वस्तू मला मिळाली होती, आणि तीही तिच्या शिफारशीवर.

तिच्या ऑफिसची पूजा होती तेव्हा वांगणीला गेलो. ती आता तिकडेच राहते. त्यानंतर आमची भेट नाही. शेताच्या कडेला नव्या बांधलेल्या दोन खोल्या, दाराला झेंडूचं तोरण, बाहेर मांडव. तिचे वडील, काका, गंगीआत्या, सुंदरभाई, सगळा गोतावळा जमलेला. गुरुजी आरतीचं तबक लावत होते. दर्शना हिरव्या पैठणीत, अंगभर सोनं घालून पाहुण्यांना बसवत होती. मला बघितलं आणि सगळ्यांना ओलांडून आली.

"बरं झालं आलास. चल, आधी हे बघ."

तिनं मला आतल्या खोलीत नेऊन स्वतःच्या खुर्चीत बसवलं. पहिल्या गिऱ्हाइकासाठी केलेलं काम समोर उघडलं, फार्महाऊसच्या बुकिंगचं. "वाच. आरतीला वेळ हाय," ती म्हणाली. वेळ नव्हता. बाहेर घंटा वाजत होती.

मी वाचायला लागलो. काम फारच चांगलं होतं. असं मला का सुचत नाही, असं प्रत्येक पानाला वाटत होतं. ती माझ्या मागे उभी होती. मी शोधत राहिलो. तिचं काम वाचताना माझे डोळे जसे चालतात तसे ते दुसऱ्या कशावरच चालत नाहीत. आणि सापडलं. एक कुटुंब सकाळी निघणार आणि दुसरं त्याच दुपारी येणार, असं असेल तर तिचा कोड दुसऱ्याला जागा नाही म्हणून परत पाठवत होता. मी बोट ठेवलं.

"अरे हो की!" ती जवळजवळ ओरडली. एवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर भावाच्या हळदीतही बघितला नव्हता. "उठ, उठ." मला उठवून ती पैठणीसकट खुर्चीवर मांडी घालून बसली.

"दर्शने! आरती खोलंबलीय!" वडिलांनी बाहेरून हाक मारली.

"गुरुजींना थांबवा!"

मी बाहेर मांडवात आलो. घंटा थांबली होती. तबकातला कापूर गुरुजी हातानं झाकून उभे होते आणि सगळे टाळ्या वाजवायचे हात तसेच धरून आतल्या खोलीकडे बघत होते. खिडकीतून ती दिसत होती. वाकलेली, ओठ पुटपुटत असलेली, मी दाखवलेली ती एक ओळ दुरुस्त करत असलेली.

किरण सरांच्या खुर्चीवर मला आता बरेच महिने झाले. मी लिहिलेलं काम माझ्या हाताखालची पोरं वाचायला घेतात आणि मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत 'ठीक आहे' येतं. "मस्त आहे सर," म्हणतात. सगळी गुणी पोरं आहेत, मान ठेवून आहेत. त्यांच्यातलं कोणीही माझ्यावर जळत नाही. तिला जळून जळून वाचणारा मी मिळालो होतो. मांडवात उभं राहून खिडकीतून तिच्याकडे बघताना मला तिच्या आजवरच्या कुठल्याच गोष्टीचा वाटला नव्हता एवढा त्याचा हेवा वाटला.